"गार्ड कामगारानेच काढला होता" या कागदावर सही करू का?

फिटर_दुसरी_पाळी

नमस्कार. मी शीट मेटलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे, अकरा वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

मागच्या आठवड्यात आमच्या पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) एका हेल्परची उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. मुलगा २२ वर्षांचा, ठेकेदाराकडचा, कामावरचा नववा दिवस. मी पलीकडच्या मशीनचा बेल्ट बदलत होतो. ठोका नेहमीसारखाच पडला, म्हणून मी मान वर केली नाही. पुढचा ठोका पडला नाही तेव्हा पाहिलं. तो ओरडत नव्हता. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून उभा होता आणि डायकडे, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याकडे, बघत होता.

काल मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. अर्धं पान टाइप करून तयार होतं: "सदर कामगाराने परवानगी न घेता सुरक्षा गार्ड स्वतः काढला व निष्काळजीपणे डायमध्ये हात घातला, हे मी प्रत्यक्ष पाहिले." खाली माझं नाव. मी असं काही पाहिलेलं नाही. त्या प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावायची जाळी, त्या दिवशी नव्हताच, चार महिन्यांपासून नव्हता.

साहेब म्हणाले, हा नुसता फॉर्म्यालिटीचा कागद आहे, मुलाचं काही अडणार नाही, ईएसआयमधून (कामगार राज्य विमा) सगळं मिळेल. मी उद्या सांगतो म्हणून बाहेर आलो. घरी दोन मुलं शिकतायत, नोकरीची गरज आहे. सही केली तर नक्की काय होतं, आणि नाही केली तर काय, हे कोणी नीट सांगेल का?

टूलरूम

सही करू नका. बाकीचं नंतर बोलू.

गार्ड आत्ता कुठे आहे? तो आधी शोधा आणि आहे तसा त्याचा फोटो काढा. पुसू नका, हलवू नका. चार महिने बाहेर पडलेला गार्ड आणि काल काढलेला गार्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

कोर्टाची_पायरी

मी कामगारांच्या बाजूने वकिली करते. हा कागद साधा नाही, नेमका का ते सांगते.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात मालकाची जबाबदारी जवळजवळ सरसकट आहे. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मालकाला सुटायला दारं मोजकीच: कामगार नशेत होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठीच बसवलाय हे माहीत असताना गार्ड जाणूनबुजून काढला. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही दारंही बंद होतात. पण दोन बोटं जाणं हे कायमचं *अंशतः* अपंगत्व. पहिल्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेल्यास कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट धरली आहे. म्हणजे या प्रकरणात ते दार उघडं आहे, आणि तुमच्या सहीचा कागद ही त्याची किल्ली आहे.

आता हे सगळं नव्या संहितांत आलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. भरपाईचा भाग सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, कारखान्यातल्या सुरक्षेचा भाग व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीच्या संहितेत. गार्ड काढण्याबद्दलचा अपवाद शब्दांसकट सामाजिक सुरक्षा संहितेत उतरला आहे.

"जाणूनबुजून" आणि "माहीत असताना" या दोन शब्दांवर अशा केसेस उभ्या राहतात आणि पडतात. नऊ दिवसांच्या मुलाने तो गार्ड कधी डोळ्यांनी पाहिला होता का? जी वस्तू मशीनवर नव्हतीच, ती काढणार कशी?

एचआर_१५वर्षे

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी मॅनेजमेंटच्या बाजूला काम करतो आणि कामगार स्वतः गार्ड काढतात हे शंभरदा पाहिलं आहे. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, त्यातल्या एका बटणात वायसर अडकवून दुसऱ्या हाताने जॉब भरणारे लोक पाहिलेत. सांगून, नोटीस लावून, मेमो देऊनही करतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १११ मध्ये कामगाराचंही कर्तव्य लिहिलेलं होतं, सुरक्षेच्या साधनांत मुद्दाम ढवळाढवळ करायची नाही. नव्या संहितेतही ते आहे. दरवेळी मालकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं योग्य नाही.

खोट्या कागदावर सही मात्र करू नये, याबद्दल माझं दुमत नाही.

टूलरूम

एचआर साहेब, वायसर मीही पाहिलाय. पण तो कोण लावतं आणि कशासाठी, हेही बघा. वायसर लावून कामगाराला घरी काही न्यायचं नसतं. त्याला आकडा गाठायचा असतो.

@फिटर, तुमच्या त्या जॉबचं टार्गेट किती आहे?

फिटर_दुसरी_पाळी

३,२०० नग एका शिफ्टला. जेवण आणि चहा धरून अर्धा तास सुट्टी.

टूलरूम

मग हिशोब करू. आठ तासांतून अर्धा तास गेला, उरली ४५० मिनिटं. ३,२०० ला भागलं तर मिनिटाला सात नग, म्हणजे एका नगाला साधारण साडेआठ सेकंद. त्यात ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) उचलायचा, डायमध्ये बसवायचा, पॅडल मारायचं, नग काढायचा, बाजूच्या ट्रेमध्ये टाकायचा. मी स्वतः चिमट्याने भरून असं काम केलंय. अकरा सेकंदांच्या खाली येत नाही. चिमट्याने केलं तर शिफ्टला साडेचोवीसशेच्या आसपास नग होतात.

म्हणजे भिंतीवर "डायमध्ये हात घालू नये" अशी पाटी आणि फळ्यावर ३,२००. दोन्ही कंपनीनेच लिहिलेलं, आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. पोरगं नऊ दिवसांत शिकतं की यातली कुठली पाटी खरी आहे.

सेफ्टी_ऑफिसर_निवृत्त

टूलरूम यांनी मर्मावर बोट ठेवलं. नोकरीची सव्वीस वर्षं मी हेच सांगत आलो.

कायद्याचे शब्द नीट वाचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ असं म्हणत नव्हतं की मालकाने गार्ड *पुरवावा*. ते म्हणत होतं, धोकादायक भागाला भक्कम कुंपण हवं, त्याची सतत देखभाल हवी आणि मशीन चालू असेपर्यंत ते जागेवर हवं. "गार्ड दिला होता, यांनी लावला नाही" हे त्या कलमाचं उत्तर होतच नव्हतं. गार्ड जागेवर नसताना मशीन चाललं, तिथेच कलम मोडलं.

आणि हे ज्याच्या माथी येतं त्याला कायदा भोगवटादार म्हणतो. कंपनी असेल तर तो संचालकांपैकी एक असतो. पूर्वी कंपन्या एखाद्या मॅनेजरला कागदावर भोगवटादार करून मोकळ्या होत. १९८७ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली आणि १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंदच राहील असं सांगितलं. १९८७ ची ती दुरुस्ती भोपाळच्या पाठोपाठ आली. कलम ७ अ म्हणजे मालकाची सर्वसाधारण कर्तव्यं, धोक्याची माहिती उघड करणं, सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग, हे सारं तेव्हा आलं. ही कलमं वाचताना मला प्रत्येक वेळी डिसेंबर १९८४ ची ती रात्र आठवते.

फिटर, एक तांत्रिक प्रश्न. प्रेसचा क्लच कुठला? पिन क्लच की एअर क्लच?

फिटर_दुसरी_पाळी

पिन क्लच. जुनी मेकॅनिकल प्रेस आहे. आता साहेब म्हणतायत की सेन्सर लावून टाकू, म्हणजे विषय संपला.

सेफ्टी_ऑफिसर_निवृत्त

थांबा, इथेच पुढचा अपघात लपलेला आहे.

पिन क्लचच्या प्रेसला एकदा पॅडल मारलं की फ्लायव्हील आणि क्रँक जोडले जातात, आणि पूर्ण फेरी होईपर्यंत रॅम, म्हणजे वरून खाली येऊन पत्रा दाबणारा भाग, थांबत नाही. सेन्सरने हात पाहिला तरी तो करणार काय? थांबवायला ब्रेकच नाही. मिनिटाला ६० ठोक्यांची प्रेस धरली तर रॅम अर्ध्या सेकंदात खाली येतो. लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की ओळखणारा प्रकाशाचा सेन्सर, एअर फ्रिक्शन क्लचच्या प्रेसला चालतो, कारण तिथे रॅम मध्येच थांबवता येतो. पिन क्लचवर तो लावणं म्हणजे कामगाराला खोटा धीर देणं. तो बिनधास्त हात घालेल.

शिवाय पिन झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली की पॅडल न मारता दुसरा ठोका पडतो. हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत असं तर झालं नाही ना? मेंटेनन्सवाले म्हणून पिन उघडून बघायला सांगा, पण निरीक्षक येऊन जाईपर्यंत स्वतः हात लावू नका.

या प्रेसला उपाय दोनच. डायभोवती असं बंदिस्त गार्ड की ज्याच्या फटीतून ब्लँक जाईल पण बोट जाणार नाही, साधारण ६ मिमीच्या आत. नाहीतर इंटरलॉक गेट, जे बंद झाल्याशिवाय क्लच पडत नाही आणि फेरी पुरी झाल्याशिवाय उघडत नाही.

लघुउद्योजक

माझा छोटा कारखाना आहे, १४ माणसं. तीन प्रेस आहेत, म्हणून हा धागा छातीत धडधड होत वाचतोय. माझ्या सीएने सांगितलं की नव्या संहितेत पॉवरवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० कामगारांवरून २० झाली, त्यामुळे आम्ही सुटलो. हे खरं आहे का? पळवाट शोधतोय असं समजू नका, मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे.

कोर्टाची_पायरी

अर्धं खरं आहे. "कारखाना" या व्याख्येची मर्यादा २० झाली. पण त्याच संहितेत "आस्थापना" नावाची दुसरी व्याख्या आहे, ती १० कामगारांपासून सुरू होते आणि मालकाची मूळ कर्तव्यं तिला लागू आहेत. कलम ६ वाचा: कामाची जागा इजा किंवा व्यावसायिक आजार करणाऱ्या धोक्यांपासून मुक्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. नियुक्तिपत्र देणं, ठरावीक कामगारांची वर्षातून एकदा मोफत वैद्यकीय तपासणी करणं, हेही त्यातच. सुरक्षेसाठी केलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. बुटांचे, हातमोज्यांचे पैसे पगारातून कापणारे खूप आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. जुन्या कायद्यातही कलम ११४ ने ते बंदच होतं.

आणि समजा उद्या तुमच्याकडे नऊच माणसं राहिली. तरी भरपाईची जबाबदारी जात नाही, आणि यंत्राबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८९ खाली गुन्हा आहेच, जुन्या दंडसंहितेत तो २८७ होता. तिथे माणसं मोजत नाहीत.

लघुउद्योजक

समजलं. सोमवारी पहिलं काम तिन्ही प्रेसचे क्लच बघणं. सेफ्टी ऑफिसर साहेब, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतो, इंटरलॉक गेटबद्दल विचारायचं आहे.

युनियन_सभासद

मुलगा ठेकेदाराचा आहे ना? मग ईएसआयचं आधी बघा. आमच्याकडे असंच झालं होतं. अपघातानंतर कळलं की मुलाची नोंदणीच झालेली नव्हती. ठेकेदार म्हणाला, महिना भरल्यावर करणार होतो.

कामावरची इजा असेल तर किती महिने वर्गणी भरली हे ईएसआयमध्ये बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. पगार २१,००० रुपयांच्या आत असेल आणि कारखाना ईएसआयमध्ये असेल तर मुलगा त्यात बसतोच. ठेकेदाराने भरलं नसेल तर मूळ मालकाने भरायचं आणि ठेकेदाराकडून वसूल करायचं. ईएसआय महामंडळ मुलाला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. काम करता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात, मग मेडिकल बोर्ड अपंगत्व ठरवतं आणि त्याप्रमाणे दरमहा रक्कम सुरू होते.

अपघात नोंदवहीत त्याच दिवशीची नोंद आहे का बघा. आणि तिथे काय लिहिलंय ते वाचा, नुसतं पान भरलेलं बघून परत येऊ नका.

कोर्टाची_पायरी

यात एक भर. ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यात ५१ ब कलम होतं, तेही सामाजिक सुरक्षा संहितेत आहे: कामगार नियम मोडून वागत असला तरी तो ते मालकाच्या कामासाठीच करत असेल, तर अपघात कामावरचाच धरतात. म्हणजे ईएसआयमध्ये हा कागद मुलाचं फारसं बिघडवू शकत नाही. साहेब म्हणाले ते तेवढ्यापुरतं बरोबर आहे. मग त्यांना हा कागद कशाला हवा?

दुसऱ्या दारासाठी. ४८ तास किंवा जास्त काम करता आलं नाही तर अपघाताची सूचना निरीक्षकाकडे पाठवावी लागते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा माणूस आला की प्रश्न भरपाईचा राहत नाही, गुन्ह्याचा होतो. व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेच्या कलम १०३ नुसार कर्तव्य न पाळल्याने गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा २ ते ४ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडाची किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. जुन्या कायद्यात दंड सरकारजमा व्हायचा, त्यामुळे हा बदल मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

दोष दुसऱ्याचा आहे असं मालकाला म्हणायचं असेल तर स्वतः सगळी योग्य ती काळजी घेतली हे *त्याने* सिद्ध करायचं असतं. तुमचा कागद त्या पुराव्याची जागा घेणार आहे.

फिटर_दुसरी_पाळी

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही.

गार्ड सापडला. टूल कपाटाच्या वर, जुन्या व्ही-बेल्टांच्या खाली होता. बोल्टच्या चारही भोकांत तेल आणि धूळ मिळून काळी घाण घट्ट बसली आहे. नखाने उकरली तरी निघाली नाही. जाळीवर कोळ्याचं घर होतं. फोटो काढले, हलवला नाही.

आता एक गोष्ट लिहितो, जी पहिल्या दिवशी लिहिली नाही. तो गार्ड मीच काढला होता. चार महिन्यांपूर्वी नवी डाय आली, ती आधीच्यापेक्षा रुंद होती, ब्लँक त्या फटीतून आत जाईना. सुपरवायझर म्हणाले, तू आत्ता काढ, नवा बनवून घेऊ. मी १७ चा पाना घेतला आणि चार बोल्ट काढले. पाच मिनिटांचं काम होतं. नंतर दोनदा आठवण केली, मग राहून गेलं. हे रोज रात्री डोळ्यांसमोर येतं. खरं लिहिलं तर मीच अडकेन का?

टूलरूम

लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या हातूनही असे गार्ड निघालेत. माझ्या वेळी बोटं गेली नाहीत, फरक तेवढाच.

मेंटेनन्सच्या रजिस्टरला त्या दिवसाची नोंद केली होती का?

कोर्टाची_पायरी

तुम्हाला काहीच होणार नाही असं म्हणून खोटा दिलासा देणार नाही. चौकशीत तुमचं नाव येईल. पण वरिष्ठाच्या सांगण्यावरून, डाय बसवण्यासाठी, नवा गार्ड येईपर्यंत म्हणून काढलेला गार्ड, आणि गार्डशिवाय चार महिने उत्पादन घेण्याचा निर्णय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा निर्णय तुमचा नव्हता आणि तुमच्या हातातही नव्हता. तुमच्यासाठी खरा धोका खोट्या सहीत आहे. तो कागद उद्या खोटा ठरला की पहिल्या दिवसापासून खोटं बोलणारा माणूस म्हणून तुम्ही उभे राहाल, आणि रजिस्टर, फोटो, सहकारी, सगळे तुमच्या विरुद्ध बोलतील.

स्वतःच्या हाताने निवेदन लिहा. पाहिलं तेवढंच लिहा. न पाहिलेलं "पाहिले नाही" असं लिहा. गार्ड कधी, कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी काढला तेही लिहा. एक प्रत देऊन पोच घ्या. तुम्ही स्वतः निरीक्षकाशी बोललात तर तक्रार कोणाकडून आली हे त्याने गुप्त ठेवायचं असतं, १९४८ च्या कायद्यात त्यासाठी ११८ अ कलम होतं.

एचआर_१५वर्षे

फिटर, एक विनंती. मॅनेजरला एकट्याने भेटू नका. सोबत कोणाला तरी न्या आणि शांतपणे "मी पाहिलं नाही, म्हणून सही करत नाही" एवढंच म्हणा. वाद घालू नका. माझ्या अनुभवात तोंडी नकारापेक्षा लेखी निवेदन देणाऱ्याला हात लावायला मॅनेजमेंट जास्त कचरतं.

आणि टूलरूम यांचा ३,२०० चा हिशोब मी आमच्या प्लँटहेडना दाखवला. आमच्या दोन जॉबचे आकडे तसेच निघाले. ते बदलायला घेतले आहेत.

फिटर_दुसरी_पाळी

रजिस्टरमध्ये नोंद आहे. माझ्याच अक्षरात: "प्रेस नं. ३, डाय बदल. गार्ड काढला. नवीन गार्ड बनवणे बाकी." शेजारी सुपरवायझरची सही आणि तारीख. मी लिहिलं होतं हे मीच विसरलो होतो.

निवेदन दीड पान झालं. युनियनचे एक जण सोबत आले. मॅनेजरसाहेबांनी वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पोच दिली. परवा निरीक्षक आले. कपाटावरचा गार्ड त्यांनी स्वतः खाली उतरवला, भोकांत बघितलं, डायची रुंदी मोजली. पिन उघडून घेतली, ती एका बाजूने झिजलेली निघाली. प्रेस बंद ठेवायला सांगितली आहे. पुढे काय होतं ते कळेल. माझी दुसरी पाळी तेवढी बदलून पहिली केली आहे, कारण सांगितलं नाही.

मुलाची ईएसआय नोंदणी झालेली नव्हती, युनियनवाले म्हणाले तसंच. आता सुरू केली आहे. काल त्याला भेटायला गेलो. मी गार्डचं त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला वाटलं त्या मशीनला गार्ड नसतोच.

त्याच्या आईने एक विचारलं, मला उत्तर आलं नाही. फॉर्मवर सही लागते आणि त्याचा उजवा हात पट्टीत आहे. काय करायचं?

कोर्टाची_पायरी

डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो. शेजारी साक्षीदाराची सही आणि पूर्ण नाव घ्या, आणि ठसा का घेतला ते एका ओळीत लिहा. पुढे डाव्या हाताने सही जमू लागली की बँकेत जाऊन नमुना सही बदलून घ्यायला सांगा, नाहीतर आलेले पैसे काढताना अडचण येईल.